‘लायसन्स’वाला डिटेक्टिव्ह नेमण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: खारघरच्या एका ताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलंय. मुलगा ठाण्यात कासारवडवलीला राहतो, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे. त्याचं आधी एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं, असं उडत उडत कानावर आलंय. घरच्यांनी नेटवर शोधून एक एजन्सी गाठली. त्यांनी 75 हजार सांगितले, निम्मे आगाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं लिहिलेलं, अशोकस्तंभ छापलेलं सर्टिफिकेट पाठवलं. वर मुलाचे सहा महिन्यांचे कॉल डिटेल्सही पॅकेजमध्ये देतो म्हणाले. ताई विचारतात, हे लायसन्स खरं आहे की नाही ते कुठे तपासायचं, आणि पैसे भरण्याआधी आणखी काय बघायचं?

मी ठाण्याच्या नौपाड्यात बसून बरीच वर्षं हेच काम करतोय, तेव्हा हे उत्तर धंद्यातल्या माणसाचं आहे हे धरूनच वाचा.

ताई, लायसन्स तपासायची जागा कुठेच नाही, कारण आपल्याकडे खासगी डिटेक्टिव्हला सरकार लायसन्स देतच नाही. 2007 साली खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. ते संसदीय स्थायी समितीकडे गेलं, आणि पुढे त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे लायसन्स माझ्याकडे नाही, माझ्या ओळखीतल्या चांगल्या माणसांकडे नाही, आणि टीव्हीवर मुलाखती देणाऱ्यांकडेही नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ते लागतं. तिकडच्या मालिका बघून लोक इथेही तेच विचारतात, आणि ग्राहक विचारतोय म्हटल्यावर समोरचा काहीतरी कागद पुढे करतो.

तो कागद बहुतेक वेळा चार-पाच ठरलेल्या प्रकारांतला असतो. एक म्हणजे गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. कामाला थोडीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना दिली तरी भागतं. दुसरा ‘उद्यम’चा, म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग नोंदणीचा कागद. ही नोंदणी फुकट होते आणि स्वतःच्या घोषणेवर होते. भाजीवाल्यालाही मिळते आणि मिळायलाही हवी. तिसरा जीएसटी क्रमांक, चौथा कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र. हे सगळे कागद खरे असतात आणि असायलाच हवेत. पण ते सांगतात एवढंच की या नावानं काहीतरी व्यवसाय चालतो. पाचवा जरा फसवा आहे. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली मिळणारं लायसन्स गृह खात्याचं असतं, त्यावर ‘लायसन्स’ हा शब्दही असतो, पण ते सिक्युरिटी गार्ड पुरवण्यासाठी असतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवायचा परवाना दाखवून कुणी तुमच्या होणाऱ्या जावयाची चौकशी करायचा अधिकार सांगत असेल, तर पहिल्याच भेटीत तो तुम्हाला गुंडाळतोय.

तुम्हाला आलेलं सर्टिफिकेट या पाचातलं नसून एजन्सीनंच छापलेलं असेल, तर त्यावर अशोकस्तंभ वापरणं हाच गुन्हा आहे. राजचिन्हाच्या गैरवापरावर 2005 सालचा वेगळा कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जो माणूस स्वतःच्या जाहिरातीत कायदा मोडतो, तो तुमच्या कामात तो पाळेल कशाला?

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझं मत विचाराल तर, तो काय करायला नकार देतो ते बघा. आणि या कसोटीवर तुमची एजन्सी कॉल डिटेल्सपाशीच नापास झालीये.

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण ठाण्याला याची चांगलीच झळ बसलेली आहे. सीडीआर म्हणजे कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती वेळ बोलणं झालं आणि फोन कुठल्या टॉवरखाली होता याचा तक्ता. तो कंपनीकडे असतो आणि पोलिसांनाही वरिष्ठांच्या मंजुरीनं, तपासाच्या कामासाठीच मिळतो. खासगी माणसाला तो मिळण्याचा सरळ रस्ता नाही. जो मिळतो तो कुणाला तरी पैसे चारून किंवा कुणाचा तरी लॉगिन वापरून. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं अशीच सीडीआर विकणारी साखळी पकडली. अटक झालेल्यांत या धंद्यातली नावाजलेली माणसं होती. आमच्या धंद्यात त्या महिन्यात फोन उचलतानाही लोक विचार करत होते. पण ग्राहकांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: ज्यांच्यासाठी सीडीआर काढल्याचा संशय होता, त्यांनाही पोलिसांचं बोलावणं गेलं. एजन्सीच्या फोनमध्ये, मेलमध्ये, वहीत तुमचं नाव असतंच ना.

आता तर कायदा आणखी कडक आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 42 जून 2024 पासून लागू झालंय. दूरसंचार कंपनीकडचा डेटा बेकायदा मिळवणं, त्यात सीडीआर स्पष्ट शब्दांत आला, याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे’ मिळवणारा, असे त्यातले शब्द आहेत. अप्रत्यक्षपणे म्हणजे कोण, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

यातला गंमतीचा, म्हणजे रडू येण्यासारखा भाग असा की पुष्कळदा ती शीट खोटीच असते. एक्सेलमध्ये नंबरांच्या ओळी टाकायच्या, दोन नंबर रात्री अकरानंतर वारंवार येतील असे पेरायचे, आणि पीडीएफ करून पाठवायची. तुम्ही ती कुठे पडताळणार? पोलीस चौकीत जाऊन विचारणार, की आम्ही चोरून आणलेला डेटा खरा आहे का बघा? पैसे परत मागायला कोर्टात जावं, तर करार कायदा 1872 चं कलम 23 आडवं येतं: ज्या कराराचा हेतूच बेकायदा, तो करार मुळात निरर्थक. हे त्या विकणाऱ्यालाही पाठ असतं.

याच जातीच्या आणखी काही ‘सेवा’ असतात. व्हॉट्सअ‍ॅप चॅट काढून देतो, फोनमध्ये अ‍ॅप टाकून देतो, बँक स्टेटमेंट, सिबिल, हॉस्पिटलचे रिपोर्ट. दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून घुसणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे. एखाद्या बाईच्या चॅट-ईमेलवर पुरुषानं पाळत ठेवणं हे नव्या भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 78 खाली पाठलागाच्या गुन्ह्यात मोडतं. कुणाची एचआयव्ही स्थिती संमतीशिवाय उघड करण्यावर 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. ‘आमचा माणूस पोलीस बनून जाईल’ हे तर ऐकल्याबरोबर फोन ठेवावा. आणि एक नवीन फॅड: मुलीच्या नावानं मुलाशी चॅटिंग करून ‘लॉयल्टी टेस्ट’. तो फशी पडला तर काय सिद्ध झालं, आणि नाही पडला तर काय? शिवाय ज्या मुलीचे फोटो त्यासाठी वापरतात तिला याचा पत्ताही नसतो.

बरं, इतकं सगळं वगळल्यावर डिटेक्टिव्ह करतो काय, असं तुम्ही विचाराल. पुष्कळ करतो. लग्नाआधीच्या चौकशीत चार गोष्टी कामाच्या असतात: सांगितलेल्या पत्त्यावर तो खरंच राहतो का आणि कोणासोबत, नोकरी सांगितलेलीच आहे का, आधी लग्न किंवा कोर्टकचेरी झाली आहे का, आणि गावाकडे, जुन्या पत्त्यावर लोक काय बोलतात. यातली शेवटची खरी कौशल्याची. चाळीत, गावच्या पारावर, इस्त्रीवाल्याकडे, वाण्याकडे बोलतं करणं, आणि एकाच्या तोंडून निघालेलं दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून पडताळणं. एकाच शेजाऱ्याच्या भरवशावर लिहिलेला रिपोर्ट मी स्वतःच्या मुलीसाठी घेणार नाही. शेजाऱ्याचं पार्किंगवरून भांडण असू शकतं.

पाळत ठेवण्याचं काम लग्नाआधीच्या चौकशीत फारसं लागत नाही. तरी सगळ्या कोटेशनमध्ये ते असतं, कारण बिल तिथे फुगतं. तुमच्याही कोटेशनमध्ये असेल, म्हणून ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. कासारवडवलीकडच्या टॉवरमध्ये आता गेटवर अ‍ॅप आहे. पाहुणा म्हणून आत जायचं तर फ्लॅट नंबर सांगावा लागतो आणि त्या फ्लॅटमधून मोबाइलवर होकार यावा लागतो. म्हणजे खोटं न बोलता आत जाता येत नाही, बाहेरच थांबायचं. सोसायटीला दोन गेट असली की दोन माणसं आली. घोडबंदर रोडला सकाळी चारचाकी काही कामाची नाही. मुलगा बाइकवर असेल तर तो गाड्यांच्या मधून निघून जातो आणि आमची गाडी माजिवड्याच्या अलीकडे अडकते. त्यामुळे दुचाकी हवी, आणि तीही दोन. तो विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून गेला की मुलुंड-ऐरोली पुलावरून गेला, हे एकट्या माणसाला आधी सांगता येत नाही. ट्रेननं जाणारा असेल तर ठाण्याच्या 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवर सकाळच्या गर्दीत पाच फुटांवरचा माणूस हरवतो. नवी मुंबईची अडचण उलटी. सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर दुपारी तीनला थांबलेली अनोळखी गाडी वॉचमन, भटकी कुत्री आणि गॅलरीतल्या आजी अशा सगळ्यांच्या नजरेत येते. तासाभरात काचेवर टकटक होते.

म्हणून एजन्सीला विचारा: माणसं किती, वाहनं कुठली, मुलगा त्या दिवशी घरूनच काम करत असला तर दिवस मोजणार का? या प्रश्नांवर जो अडखळत नाही त्यानं हे काम केलेलं असतं. जो म्हणतो ‘ते आमच्यावर सोडा मॅडम’, तो दिल्लीतल्या कॉल सेंटरमधून बोलत असतो आणि काम इथल्या कुणा पोराला दिवसाच्या रोजावर देणार असतो. हे फार चालतं. वेबसाइटवर वाशीचा पत्ता असतो, तिथे गेलं तर भाड्यानं टेबल देणारं ऑफिस निघतं आणि रिसेप्शनवरच्या मुलीला एजन्सीचं नावही माहीत नसतं. तेव्हा पैसे देण्याआधी एकदा प्रत्यक्ष ऑफिसात जा. जो माणूस काम करणार आहे त्याचं तोंड बघा.

रिपोर्टचा जुना नमुना मागा, नावं काळी करून. नमुन्यात मी दोन प्रकारच्या ओळी शोधेन. एक अशी: ‘08:52, गेट क्र. 2, निळा शर्ट, काळी बॅग, एकटा, दुचाकीनं माजिवड्याच्या दिशेनं. 09:05 ला सिग्नलवर संपर्क तुटला. 09:50 पर्यंत ऑफिसच्या गेटवर थांबलो, दिसला नाही.’ दुसरी अशी: ‘सायंकाळी सदर व्यक्ती संशयास्पद हालचाली करताना आढळून आली.’ पहिल्यात अपयश आहे, तरी ती खरी आहे. दुसरीला काही अर्थ नाही. ती कुणाच्याही रिपोर्टमध्ये चिकटवता येते आणि चिकटवलेली असते. ‘शंभर टक्के पुरावा’ अशी हमी देणाऱ्याचे रिपोर्ट दुसऱ्या प्रकारच्या ओळींनी भरलेले असतात. पुरावा नसेल तर तो तरी कुठून आणणार? बनवावाच लागतो.

आता पैशांचं. आमच्याकडे काम दोन पद्धतीनं ठरतं: चौकशीचा एकगठ्ठा दर, किंवा पाळतीचा दिवसाचा दर आणि वर खर्च. दुसऱ्या पद्धतीत खर्चाला वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर पेट्रोल आणि जेवणखाणाच्या नावाखाली काहीही लागतं. जीएसटी 18 टक्के धरा आणि पक्कं बिल मागा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं म्हणणाऱ्याकडे उद्या भांडायला तुमच्या हातात कागद नसेल. निम्मी रक्कम आगाऊ मागणं हे गैर नाही, मीही आगाऊ घेतो. पण ती करार झाल्यावर आणि कंपनीच्या खात्यात. कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर नाही.

करार दोन पानांचा पुरतो. महाराष्ट्रात आता त्यासाठी 500 चा स्टॅम्पपेपर लागतो; 100 चे दिवस ऑक्टोबर 2024 मध्ये संपले. कोणाची चौकशी, कशासाठी, नेमके कुठले मुद्दे, किती दिवस, दर, खर्चाची मर्यादा, मध्येच थांबवलं तर किती परत. काम दुसऱ्या कुणाला देणार नाही हेही. आणि एक कलम मी माझ्या ग्राहकांच्या आधी स्वतःच घालतो, ते तुम्ही घालून घ्या: कुठलीही माहिती बेकायदा मार्गानं मिळवली जाणार नाही, आणि काम संपल्यावर अमुक दिवसांत सगळे फोटो व कागद तुमच्या ताब्यात देऊन एजन्सीकडचे नष्ट केले जातील. हे शेवटचं फार जणांना सुचत नाही. तुमच्या घरची नाजूक गोष्ट तिऱ्हाइताच्या फोनमध्ये पडून राहते. काम संपल्यावर ‘मुलाकडच्यांना सांगू का?’ म्हणून पुन्हा पैसे मागितल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. ती सरळसरळ खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम 308. घाबरून पैसे न देता पोलिसांत जायचं. पण मुळात माहिती देतानाच हात आखडता ठेवा. मुलाचा फोटो, नाव, पत्ता, नोकरी एवढं पुरतं. तुमच्या बहिणीचं आधार कार्ड एजन्सीला कशाला हवंय?

सेवेत खोट निघाली तर ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानं तक्रार स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते, एजन्सी दिल्लीची असली तरी. ठाणेकरांना ठाण्यात सोय आहे. खारघर मात्र पोलिसांच्या हिशेबानं नवी मुंबई आयुक्तालयात असलं तरी जिल्ह्यानं रायगड, त्यामुळे तुमचा आयोग अलिबागला. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

इथे जरा थांबून कोर्टाबद्दल बोलतो. तुमच्या प्रश्नात कोर्ट नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्यांत नवरा-बायकोच्या वादातले लोक जास्त असणार हे मला अनुभवानं माहीत आहे. त्यांना पहिलं सांगणं: आधी वकील, मग डिटेक्टिव्ह. काय सिद्ध करायचंय हे वकील ठरवतो. नाहीतर तुम्ही हजारो रुपये मोजून हॉटेलबाहेरचे फोटो काढून आणता आणि वकील म्हणतो, आपल्या अर्जात हा मुद्दाच नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. व्यभिचार हा 2018 पासून फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हेही बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं. घटस्फोटाचं कारण तो अजूनही आहे आणि पोटगीच्या वादातही तो मुद्दा येतो. पण ‘फोटो दाखवून त्याला आत टाकायचंय’ म्हणून येणाऱ्यांना मी तिथूनच परत पाठवतो.

दुसरं, फोटो किंवा व्हिडिओ कोर्टात नुसता पेनड्राइव्ह देऊन चालत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2020 साली पक्कं केलं, की मूळ उपकरणच हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. ते कलम तेव्हा जुन्या पुरावा कायद्याचं 65-ब होतं. आता त्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे, आणि त्याला दोन भागांचा ठरलेला नमुना आहे. पहिला भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. म्हणजे फाइलची अशी खूण, जी एक अक्षर बदललं तरी बदलते. म्हणून मूळ मेमरी कार्ड जपावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्याची खूण मूळ फोटोशी जुळत नाही. एजन्सी रोजच्या रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते म्हणून ग्राहक खूश असतात, आणि शेवटी मूळ फाइल मागितली की ‘कार्ड फॉरमॅट झालं’ असं उत्तर येतं.

तिसरं, ज्यानं फोटो काढला तो माणूस साक्षीला यायला हवा. मालक नाही, तो माणूस. उलटतपासणीत समोरचा वकील पहिल्याच दमात विचारतो, तुम्हाला किती पैसे मिळाले, तुम्ही यांचेच नोकर ना, आणि त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे उभे होतात? रोजंदारीवरचा पोरगा तोवर तिसऱ्याच कामाला लागलेला असतो. ‘साक्षीला कोण येईल आणि त्याचे वेगळे पैसे किती?’ हा प्रश्न करारावर सही करण्याआधीचा आहे.

कौटुंबिक न्यायालयाला त्याच्या कायद्याच्या कलम 14 खाली पुराव्याच्या बाबतीत जास्त मोकळीक आहे हे खरं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं नवरा-बायकोमधलं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं, तेही खरं. तेव्हापासून काही एजन्सीवाले सांगत सुटलेत की आता रेकॉर्डिंगला परवानगी मिळाली. तो निकाल जोडीदारानं स्वतः, दोघांमधल्याच बोलण्याचं केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. तिसऱ्यानं बेडरूममध्ये मशीन लपवायची मुभा त्यात शोधूनही सापडणार नाही.

हरवलेलं माणूस, धमक्या, ऑनलाइन फसवणूक यांसाठी डिटेक्टिव्हकडे येऊच नका. पहिल्या दोन्हींना 112 आणि पोलीस ठाणे, तिसरीला सायबर हेल्पलाइन 1930. डिटेक्टिव्हच्या नादात वाया गेलेले पहिले काही तास पुन्हा मिळत नाहीत.

आता पुन्हा तुमच्याकडे, ताई. तुमच्या यादीतलं निम्मं काम तुम्ही घरी बसून करू शकता. ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं खटले शोधता येतात. ठाणे, मुंबई आणि त्याच्या मूळ जिल्ह्याची न्यायालयं बघा, नावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा. सापडलं नाही म्हणजे काही नाहीच, असं मात्र समजू नका. फ्लॅट स्वतःचा आहे म्हणतात? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-2, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा गोषवारा, दिसतो. त्याला सर्व्हे नंबर लागतो. नवीन इमारत असेल तर तो महारेराच्या (गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाच्या) साइटवर प्रकल्पाच्या पानावर मिळतो. घरचा धंदा असेल तर कंपनीचे संचालक आणि जीएसटी नोंदणी चालू आहे की रद्द, हेही उघड दिसतं.

पगार आणि कर्ज यांबद्दल माझा आग्रह असा की ते चोरून काढू नका, मागा. दोन्ही बाजूंनी फॉर्म 16 (कंपनीनं दिलेला पगार-कराचा दाखला) आणि क्रेडिट रिपोर्ट (कर्जं आणि त्यांच्या फेडीची नोंद) एकमेकांना दाखवायचा. प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्रही ज्याचं तोच अर्ज करून घेऊ शकतो. पत्रिका मागायला आपण लाजत नाही, मग हे मागायला कसली लाज? तुमच्या बहिणीचे कागद आधी पुढे ठेवा, म्हणजे समोरच्यांना अपमान वाटायला जागा राहणार नाही. यावर समोरचं घर कसं वागतं, ते माझ्या धंद्यातला कुणीही तुम्हाला शोधून देऊ शकणार नाही.

मोडलेल्या लग्नाचं आधी त्या मुलालाच विचारा, बहिणीनं एकटीनं, चहाला भेटून. त्याचं उत्तर आलं की मग माणूस नेमायचा असेल तर नेमा, आणि त्याला एवढंच काम द्या: हे उत्तर, पत्ता, नोकरी आणि गावाकडची चौकशी. पाळत कोटेशनमधून काढून टाका, आकडा बराच खाली येईल. या एजन्सीला निम्मे पैसे देऊ नका. सर्टिफिकेटचा आणि कॉल डिटेल्सच्या प्रस्तावाचा स्क्रीनशॉट मात्र ठेवून द्या.

आणि ज्या मुलीशी त्याचं आधी ठरलं होतं, तिच्या घरी कुणालाही पाठवू नका. तिचं कदाचित दुसरीकडे लग्न झालेलं असेल, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या प्रश्नांची उत्तरं तिला तिच्या सासरी द्यावी लागतील. तिचा नंबर-पत्ता शोधण्याचं कलम कोटेशनमध्ये असेल तर ते सही करण्याआधी खोडून टाका.